अमेरिका: अनएम्प्लॉयमेंटचे आठवडे संपल्यावर पुढे काय?

हडसनकाठ

ले-ऑफच्या धाग्यांवर बेकारी भत्त्याबद्दल (अनएम्प्लॉयमेंट) एक प्रश्न सारखा येतो: "भत्त्याचे २६ आठवडे संपत आले, एक्सटेन्शन (मुदतवाढ) कसं मिळतं?" उत्तरं चार ठिकाणी विखुरलेली आहेत आणि त्यातली बरीचशी २०२०-२१ च्या करोनाकाळातली. ती आज लागू नाहीत. म्हणून हा वेगळा धागा.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की एक्सटेन्शन तुमच्या अडचणीवर ठरत नाही, राज्याच्या बेकारीच्या दरावर ठरतं. आठवडे संपले म्हणून ते सुरू होत नाही. राज्याचा दर कायद्यातल्या आकड्याच्या वर गेला असेल तरच ते उघडतं, आणि बहुतेक काळ ते बंदच असतं. त्यामुळे खरी तयारी आठवडे संपायच्या आधी करावी लागते. दोन मार्ग असे आहेत की शेवटच्या आठवड्यात विचारलंत तर मुदत उलटून गेलेली असते. ते खाली येतीलच.

नेहमीचा भत्ता बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त २६ आठवडे. पण "जास्तीत जास्त" हा शब्द सोडू नका. कॅलिफोर्नियात पगारानुसार १२ ते २६ आठवडे बसतात. फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायनात बेकारी कमी असताना कमाल मर्यादाच १२ आठवडे आहे. क्लेम (भत्त्याचा अर्ज) केल्यावर जे पहिलं पत्र येतं, त्यातले तीन आकडे वहीत उतरवून ठेवा: आठवड्याची रक्कम, एकूण शिल्लक रक्कम आणि बेनिफिट इयर (क्लेमपासूनचे ५२ आठवडे) संपण्याची तारीख. पुढचं सगळं गणित या तिघांवर चालतं.

कायमस्वरूपी एक्सटेन्शन एकच आहे, एक्सटेंडेड बेनिफिट्स, थोडक्यात ईबी. १९७० च्या केंद्रीय कायद्याने आलं. खर्च निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. कॅलिफोर्नियाच्या पत्रांत यालाच फेड-एड म्हणतात, नाव वेगळं दिसलं म्हणून गोंधळू नका.

ईबीची आठवड्याची रक्कम नेहमीच्या भत्त्याइतकीच. एकूण रक्कम मात्र या तिन्हींपैकी जी सगळ्यात कमी ती:
- नेहमीच्या एकूण भत्त्याच्या निम्मी
- आठवड्याच्या रकमेची १३ पट
- आठवड्याच्या रकमेच्या ३९ पटीतून आधी मिळालेला नेहमीचा भत्ता वजा करून उरेल ती

उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियात कमाल रक्कम आठवड्याला ४५० डॉलर. २६ आठवड्यांचे ११,७०० झाले. त्याचे निम्मे ५,८५०, म्हणजे बरोबर १३ आठवडे. आता फ्लोरिडा. कमाल २७५ डॉलर, १२ आठवड्यांचे ३,३००, निम्मे १,६५०. म्हणजे फक्त ६ आठवडे. "ईबी म्हणजे १३ आठवडे" असं सरसकट सांगतात, ते या राज्यांतल्या लोकांना चुकीचा धीर देणारं आहे.

---

गवतीचहा

छान सुरुवात. राज्यात ईबी चालू आहे की नाही हे कुठे कळतं? राज्याच्या संकेतस्थळावर दर वेळी स्पष्ट लिहिलेलं नसतं.

---

तिसरा_मजला

केंद्रीय कामगार खातं दर आठवड्याला ट्रिगर नोटीस नावाचा तक्ता काढतं. तो थेट बघा, बातम्यांवर विसंबू नका.

तक्त्यात प्रत्येक राज्याची एक ओळ असते. आपल्या राज्याच्या ओळीवर बोट ठेवून डावीकडून उजवीकडे जा. पहिला आकडा विमाधारक बेकारीच्या दराचा, १३ आठवड्यांची सरासरी. हा फक्त भत्ता घेणाऱ्यांवरून काढतात, म्हणून बातम्यांतल्या दरापेक्षा बराच लहान दिसतो. त्याच्या शेजारी, मागच्या दोन वर्षांच्या त्याच काळाच्या तुलनेत तो किती टक्के आहे ते. मग तीन महिन्यांचा एकूण बेकारीचा दर, हा बातम्यांतला. त्याच्याही शेजारी मागच्या वर्षांशी तुलना. शेवटी किती आठवडे उपलब्ध आणि कोणत्या तारखेपासून.

अटी अशा आहेत:

सगळ्या राज्यांना बंधनकारक: विमाधारक दर किमान ५ टक्के, आणि मागच्या दोन वर्षांच्या त्याच काळातल्या सरासरीच्या किमान १२० टक्के.

राज्याने स्वीकारला असेल तर पहिला पर्याय: विमाधारक दर किमान ६ टक्के. इथे मागच्या वर्षांशी तुलना नाही.

दुसरा पर्याय: एकूण दर किमान ६.५ टक्के, आणि मागच्या दोनपैकी कोणत्या तरी एका वर्षाच्या किमान ११० टक्के. हाच दर ८ टक्क्यांवर गेला आणि ११० टक्क्यांची अटही पुरी झाली, तर १३ ऐवजी २० आठवड्यांपर्यंत. तेव्हा सूत्रही बदलतं: निम्म्याच्या जागी ८० टक्के, १३ च्या जागी २० पट, ३९ च्या जागी ४६ पट.

तुलनेची अट नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप तिथेच होतो. दर नुसता जास्त असून भागत नाही, तो वाढलेला असावा लागतो. मे २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात ईबी बंद झालं तेव्हा बेकारी १० टक्क्यांच्या वर होती. पण मागच्या वर्षांतही ती तशीच वर असल्यामुळे ११० टक्क्यांची तुलना बसेना. वास्तविक तोपर्यंत केंद्राने तात्पुरती तीन वर्षं मागे बघायची मुभा दिली होती, तरीही बसली नाही. लोकांची परिस्थिती तसूभर सुधारली नव्हती आणि भत्ता मात्र थांबला. या कायद्यातली ही सगळ्यात मोठी उणीव आहे असं माझं ठाम मत आहे.

चालू-बंद होण्याची वेळही लक्षात ठेवा. अट पुरी झाल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून ईबी सुरू होतं आणि किमान १३ आठवडे चालतं. अट मोडली की पुन्हा तिसऱ्या आठवड्यात बंद. बंद झाल्यावर तुमचे ५ आठवडे शिल्लक असले तरी ते गेले. ज्यांनी सुरू केलंय त्यांना पूर्ण करू द्या, असली सवलत यात नाही.

---

अबोली_बे_एरिया

तिसरा_मजला यांच्या मुद्द्याला जोडून: राज्यात ईबी चालू असणं ही अर्धीच गोष्ट. माणसाच्या अटी वेगळ्या आहेत.

१. नेहमीचा भत्ता पूर्ण संपलेला हवा, किंवा बेनिफिट इयर संपलेलं आणि नवा क्लेम बसत नाही असं हवं.

२. बेनिफिट इयर ईबी चालू होण्याच्या आधीच संपलेलं असेल तर ईबी मिळत नाही. म्हणजे वर्ष मार्चमध्ये संपलं आणि राज्यात ईबी मेमध्ये लागलं, तर तुम्ही बाहेर.

३. बेस पीरियडमध्ये (ज्या काळातल्या कमाईवर भत्ता ठरतो तो) पुरेसं काम हवं: २० आठवडे पूर्णवेळ, किंवा पगार आठवड्याच्या रकमेच्या ४० पट, किंवा सर्वांत मोठ्या तिमाहीच्या दीडपट. यातली कोणती कसोटी लावायची ते राज्य ठरवतं. थोड्याच कमाईवर नेहमीचा भत्ता मिळालेले लोक इथे अडकतात.

४. राजीनामा किंवा गैरवर्तनामुळे आधी अपात्र ठरला असाल आणि ती अपात्रता नुसता काळ उलटल्यामुळे उठली असेल, तर ईबीसाठी ते चालत नाही. मधे काम केलेलं असलं पाहिजे.

दोन घड्याळं वेगवेगळी आहेत हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एक घड्याळ रकमेचं (शिल्लक संपली की संपलं), दुसरं कॅलेंडरचं (५२ आठवडे). मधूनमधून पार्टटाइम काम केलं तर रक्कम पुरते, पण कॅलेंडर थांबत नाही. ५२ आठवडे झाले की उरलेली रक्कम पुढच्या वर्षात नेता येत नाही.

---

पाटीपेन्सिल

मग पार्टटाइम काम घेणं तोट्याचंच म्हणायचं का?

---

अबोली_बे_एरिया

नाही, उलट घ्यावंच. कॅलिफोर्नियाचा हिशोब बघा. त्या आठवड्याच्या कमाईतले २५ डॉलर किंवा २५ टक्के, जे जास्त असेल ते सोडून देतात. रक्कम ४५० आहे आणि आठवड्यात २०० कमावले. ५० सोडले, १५० कापले, भत्ता ३०० मिळाला. हातात एकूण ५०० आले आणि १५० शिल्लक खात्यात राहिले.

शिवाय बेनिफिट इयर संपल्यावर नवा क्लेम करायचा तर मधल्या काळात काम करून कमावलेले पैसे दाखवावेच लागतात. नुसता भत्ता घेत वर्ष काढलं तर नवा क्लेम बसत नाही. कॅलिफोर्नियात नव्या बेस पीरियडच्या एका तिमाहीत १,३०० डॉलर, किंवा मोठ्या तिमाहीत ९०० आणि एकूण त्याच्या सव्वापट, एवढी कमाई लागते.

कमाई लिहायची ती ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्यात, चेक आला त्या आठवड्यात नाही. आणि कापून हातात आलेली नाही, कापण्याआधीची. ओव्हरपेमेंटची (जादा दिलेला भत्ता परत मागणारी) पत्रं जी येतात त्यातली कितीतरी या एका चुकीमुळे.

---

हडसनकाठ

यात एक अडचण आहे ती सांगून ठेवतो. ईबी चालू असताना प्रत्येक तिमाही बदलली की (जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर) राज्य तपासतं की तुमचा नवा नेहमीचा क्लेम बसतो का. बसत असेल तर ईबी थांबतं आणि नवा क्लेम घ्यावा लागतो, मग त्याची आठवड्याची रक्कम कमी का असेना. "मला जुनंच चालू ठेवायचंय" असा पर्याय मूळ कायद्यात नाही. त्यामुळे थोड्या पार्टटाइमनंतर रक्कम ४५० वरून एकदम खाली आली तर ती चूक समजून आठवडे वाया घालवू नका. आधी नव्या पत्रातला बेस पीरियड बघा.

---

शेवंती_टेक्सास

मुदतीचे दोन मार्ग म्हणालात ते ट्रेनिंगचे का?

---

हडसनकाठ

हो, तेच: खालचे कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्सचे. ईबी बंद असतानाही काही राज्यांत मंजूर प्रशिक्षण घेत असलेल्यांना जादा आठवडे मिळतात. माझ्या मते आजच्या घडीला विचार करावा असा हाच मार्ग आहे, आणि सगळ्यात दुर्लक्षितही हाच.

कॅलिफोर्नियात ट्रेनिंग एक्सटेन्शन. त्याची चौकशी भत्त्याचा १६ वा आठवडा मिळायच्या आत करावी लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये सेक्शन ३०, म्हणजे ट्रेनिंग ऑपॉर्च्युनिटीज प्रोग्रॅम. तिथे जास्तीत जास्त २६ जादा आठवडे, आणि अर्ज पहिल्या २० आठवड्यांत. न्यूयॉर्कमध्ये ५९९ प्रोग्रॅम, तिथेही २६ पर्यंत, पण निधीला मर्यादा असते. न्यू जर्सी आणि वॉशिंग्टनमध्येही अशा योजना आहेत.

चुका कुठे होतात ते सांगतो. लोक आधी कोर्सची फी भरतात, वर्ग सुरू करतात आणि मग अर्ज करतात. क्रम उलटा हवा. आधी संस्था आणि कोर्स राज्याच्या मान्य यादीत आहे का बघा, मग अर्ज, मंजुरी, मग प्रवेश. घरी बसून व्हिडिओ बघत आपल्या सवडीने करायचे कोर्स बहुधा मंजूर होत नाहीत, कारण हजेरीचा आणि तासांचा पुरावा लागतो. मंजुरी मिळाली की प्रशिक्षणाच्या काळात नोकरी शोधण्याची अट सहसा शिथिल होते, पण सर्टिफाय करणं (ठरावीक आठवड्यांनी आपली स्थिती खात्याला कळवणं) चुकवायचं नाही.

फीचे पैसे वेगळे. त्यासाठी अमेरिकन जॉब सेंटर या सरकारी रोजगार केंद्रात जाऊन डिसलोकेटेड वर्कर (नोकरी गमावलेला कामगार) म्हणून नाव नोंदवा. भत्ता संपलेले लोकही त्या व्याख्येत बसतात.

आयात-निर्यातीमुळे नोकरी गेलेल्यांसाठीची टीएए योजना नव्या अर्जांना १ जुलै २०२२ पासून बंद आहे. जुन्या पोस्ट वाचून तिच्या मागे लागू नका.

---

कोयनाकाठचा

२००९-१० मध्ये ९९ आठवडे मिळत होते असं ऐकलंय, ते कसं? तो कायदा गेला का?

---

तिसरा_मजला

ती काँग्रेसने मंदीसाठी खास केलेली तात्पुरती योजना होती, ईयूसी. जून २००८ मध्ये सुरू झाली, डिसेंबर २०१३ अखेर संपली. टप्पे होते २०, १४, १३ आणि ६ आठवड्यांचे, मिळून ५३. नेहमीचे २६ + ५३ + ईबीचे २० = ९९. तेही सगळ्यांना नाही, फक्त बेकारी फार जास्त असलेल्या राज्यांत.

करोनात तशीच पीईयूसी आली: मार्च २०२० मध्ये १३ आठवडे, डिसेंबरमध्ये ११ वाढवले, मार्च २०२१ मध्ये आणखी २९. ती सप्टेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यात संपली. अशा योजना प्रत्येक वेळी नव्या कायद्यानेच येतात. आज अशी एकही चालू नाही. "पीईयूसीसाठी अजून अर्ज करता येतो, फी भरा" असं सांगणारा फोन किंवा मेसेज आला तर तो फसवणुकीचा आहे. कुठल्याही भत्त्याच्या अर्जाला फी नसते.

---

शेवंती_टेक्सास

ईबीमध्ये नोकरी शोधण्याचे नियम कडक असतात म्हणतात. नेमका फरक काय?

---

अबोली_बे_एरिया

बराच फरक आहे. नेहमीच्या भत्त्यात तुमच्या क्षेत्रातली, तुमच्या पगाराच्या आसपासची नोकरी "योग्य" धरतात. ईबी सुरू होताना खातं ठरवतं की तुमच्या क्षेत्रात लवकर काम मिळण्याची शक्यता चांगली आहे की नाही. "नाही" असं ठरलं, तर तुमच्या कुवतीतलं कुठलंही काम योग्य मानलं जातं. अटी इतक्याच: पगार तुमच्या आठवड्याच्या भत्त्यापेक्षा जास्त, किमान वेतनापेक्षा कमी नाही, आणि देकार लेखी असला पाहिजे किंवा ती जागा सरकारी रोजगार सेवेत नोंदलेली असली पाहिजे. इंजिनिअरला गोदामातलं काम आलं आणि या अटी बसल्या, तर नाकारल्यावर ईबी जातं. ते परत मिळवायला किमान ४ आठवडे काम आणि भत्त्याच्या ४ पट कमाई लागते. शोध न घेतल्याबद्दलही हीच शिक्षा.

शोधाचा पुरावा दर आठवड्याला द्यावा लागतो. "ऑनलाइन अर्ज केले" एवढं पुरत नाही. नोंद अशी हवी:

तारीख – कंपनी – पद – अर्ज कसा केला (संकेतस्थळ, ईमेल, प्रत्यक्ष) – कोणाशी बोलणं झालं – अर्जाचा क्रमांक – पुढे काय झालं.

आपल्या राज्याचा आठवडा (सहसा रविवार ते शनिवार) धरून त्याच दिवशी लिहा. अर्ज पोचल्याच्या ईमेल एका फोल्डरमध्ये ठेवा. सगळे अर्ज सोमवारी एकाच दिवशी करून बाकी आठवडा कोरा ठेवू नका, कारण कायद्याला "पद्धतशीर आणि सातत्याने" प्रयत्न हवेत.

---

पाटीपेन्सिल

व्हिसाचं काय? एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एच-४ ईएडी (जोडीदाराच्या व्हिसावरचा कामाचा परवाना), ग्रीन कार्ड, तिघांनाही लागू?

---

हडसनकाठ

ग्रीन कार्डवाल्यांना पूर्ण लागू. वैध ईएडी असेल (एच-४ किंवा ग्रीन कार्ड अर्जावरचं) तर लागू, पण ईएडीची मुदत संपली की त्या आठवड्यापासून "कामासाठी उपलब्ध" ही अट मोडते. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत टाका आणि पावती जपून ठेवा. एच-१बीचा परवाना एका मालकाशी बांधलेला, त्यामुळे नोकरी गेल्यावर उपलब्धतेची अट सहसा पुरी होत नाही. त्यांचं पहिलं घड्याळ ६० दिवसांच्या ग्रेस पीरियडचं (नोकरी गेल्यावर देशात राहण्याची मुभा), भत्त्याचं नव्हे.

हा भत्ता घेतल्याने ग्रीन कार्डाला "सार्वजनिक भार" म्हणून बाधा येत नाही. हा विमा आहे. मालक त्याच्यासाठी कर भरतो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्कात तर कर्मचाऱ्याच्या पगारातूनही थोडी वर्गणी कापतात. पे-स्लिप बघा, कापलेली दिसेल. हक्काचे पैसे आहेत, संकोच करून सोडू नका.

---

कोयनाकाठचा

आणि या काळात भारतात जाऊन आलं तर?

---

तिसरा_मजला

भारतात असलेल्या आठवड्यांचा भत्ता घ्यायचा नाही. सर्टिफाय करताना "कामासाठी उपलब्ध होतात का" हा प्रश्न असतो. पुण्यात बसून "हो" टिचकवलं तर ते खोटं विधान ठरतं. लॉगिन कुठून झालं ते राज्याला दिसतं, खातं गोठतं, आणि परत उघडायला ओळखपत्रं पाठवत महिने जातात. व्हीपीएन वापरला तर हेतू सिद्ध करायला आणखी एक पुरावा तुम्हीच देता.

फसवणूक ठरली तर सगळी रक्कम परत, वर दंड. केंद्राच्या नियमाने किमान १५ टक्के, कॅलिफोर्नियात ३० टक्के. शिवाय पुढचे काही आठवडे बाद. आईवडील आजारी आहेत, जावंच लागणार आहे, तर जा. त्या आठवड्यांत खरं उत्तर द्या, शिल्लक रक्कम कुठे जात नाही. परत आल्यावर क्लेम रीओपन करा. फक्त ५२ आठवड्यांचं कॅलेंडर चालू असतं एवढं ध्यानात असू द्या.

---

शेवंती_टेक्सास

राज्य बदललं तर? न्यू जर्सीत नोकरी गेली आणि घरभाडं परवडत नाही म्हणून टेक्सासला नातेवाइकांकडे राहायला आले, असं बऱ्याच जणांचं होतं.

---

अबोली_बे_एरिया

भत्ता न्यू जर्सीच देते, कारण पगार तिथला. नेहमीच्या भत्त्यात अडचण नाही. टेक्सासमध्ये कामासाठी नाव नोंदवा आणि पत्ता लगेच बदला, नाहीतर पत्रं जुन्या घरी जातात आणि अपिलाची मुदत निघून जाते.

ईबीत मात्र कडक नियम आहे. पैसे देणाऱ्या राज्यात ईबी चालू आहे, पण तुम्ही जिथून क्लेम करताय त्या राज्यात बंद आहे, तर फक्त पहिले २ आठवडे मिळतात. म्हणून राज्य बदलण्याआधी ट्रिगर नोटीसमध्ये दोन्ही राज्यांच्या ओळी बघा.

अपिलाची मुदत पत्रावर छापलेल्या तारखेपासून मोजतात, पत्र हातात पडल्यापासून नाही. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क ३० दिवस, फ्लोरिडा २०, टेक्सास फक्त १४. अपील चालू असताना दर वेळी सर्टिफाय करत राहा. जिंकल्यावर सर्टिफाय केलेल्याच आठवड्यांचे पैसे मिळतात.

---

गवतीचहा

एक शेवटचं, टॅक्स. ईबीवरही लागतो का?

---

हडसनकाठ

लागतो. नेहमीचा भत्ता असो वा ईबी, केंद्राच्या लेखी दोन्ही उत्पन्नच. जानेवारीत १०९९-जी (मिळालेल्या भत्त्याची नोंद असलेला फॉर्म) येतो. डब्ल्यू-४व्ही (कर कापून घ्या असं सांगणारा फॉर्म) भरून दिलात की १० टक्के आधीच कापून घेतात, टक्का कमी-जास्त करता येत नाही. राज्याचा आयकर कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात या भत्त्यावर नाही. १०९९-जीवरचा आकडा तुमच्या बँकेत आलेल्या रकमेशी ताडून बघा. क्लेम केलेलाच नसताना फॉर्म आला, तर तुमच्या नावावर दुसऱ्याने पैसे उचलले आहेत. लगेच राज्याकडे तक्रार करून दुरुस्त फॉर्म मागा, आणि रिटर्नमध्ये ते उत्पन्न दाखवू नका.